दीर्घिकांची गती आणि न दिसणारे वस्तुमान

गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांच्या वनप्रदेशात, दिव्यांपासून दूर, हिवाळ्यातील अमावास्येच्या रात्री आकाशात एक धूसर ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. ती देवयानी दीर्घिका होय. सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असलेल्या या दीर्घिकेने शास्त्रज्ञांना एक कठीण प्रश्न घातला आहे.

सूर्यमालेत बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर वेगाने फिरतो, तर दूरचा नेपच्यून जेमतेम ५ किलोमीटर वेगाने; कारण जवळजवळ सर्व वस्तुमान सूर्यातच एकवटले आहे. म्हणजेच फिरणाऱ्या वस्तूचा वेग व तिचे केंद्रापासूनचे अंतर कळले की कक्षेच्या आत किती वस्तुमान आहे, हे काढता येते. १९७० साली व्हेरा रुबिन व केंट फोर्ड यांनी देवयानीतील वेग मोजले. प्रकाशमान भागाच्या कडेपर्यंत जाऊनही वेग अपेक्षेप्रमाणे घटला नाही. पुढे इतर दीर्घिकांतही हेच आढळले.

याची उत्तरे दोन संभवतात. एक, दीर्घिकेभोवती न दिसणारा ‘कृष्ण पदार्थ’ आहे. दुसरे, १९८३ साली मोर्देहाय मिलग्रोम यांनी सुचविल्याप्रमाणे, अतिशय क्षीण ओढ असते तेथे गतीचा नियमच बदलतो.

या वादाच्या कसोटीत महाराष्ट्राचाही वाटा आहे. पुणे जिल्ह्यातील खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. हायड्रोजन वायूच्या २१ सेंटीमीटर लांबीच्या लहरी ती टिपते. वायू आपल्याकडे येत असल्यास लहर आखूड होते, दूर जात असल्यास लांबते. त्यावरून वेग कळतो. २००५ साली आयेशा बेगम, जयराम चेंगलूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुर्बिणीच्या साहाय्याने एनजीसी ३७४१ ही लहानशी दीर्घिका अभ्यासली. तिचा वायू प्रकाशमान भागाच्या आठपटींहून अधिक अंतरापर्यंत पसरलेला आढळला. प्रकाशाच्या मानाने तिचे वस्तुमान सूर्याच्या तुलनेत शंभरपटींहून अधिक भरले. वायू जमेस धरूनही हिशेब जुळेना.

२००७ सालच्या अभ्यासात मात्र मिलग्रोम यांचा नियमही याच दीर्घिकेला चांगला लागू पडला. उलट, दीर्घिकांच्या मोठ्या समूहांत तो एकटा पुरा पडत नाही. तेथे कृष्ण पदार्थाची बाजू भक्कम ठरते. तथापि त्याचा एकही कण अद्याप प्रयोगशाळेत निश्चितपणे सापडलेला नाही.

त्या धूसर ठिपक्याकडे पाहताना आपण ध्यानात ठेवावे, की दिसणारा प्रकाश म्हणजे संपूर्ण दीर्घिका नव्हे. उरलेले काय आहे, याचा शोध चालू आहे.