सोडत, पाळी आणि हक्क

तहसील कचेरीत सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते, त्या दिवशी गावोगावची माणसे सकाळपासून आवारात येऊन उभी राहतात. टेबलावर बरणी असते, तीत घड्या घातलेल्या चिठ्ठ्या असतात, आणि शाळेतल्या एका लहान मुलाला पुढे बोलावून चिठ्ठी काढावयास सांगतात. मुलाला ना पक्ष, ना भावकी; म्हणून त्याच्या हातावर सर्वांचा भरवसा. चिठ्ठी वाचली जाते, कोणी हसतो, कोणी मान खाली घालतो, आणि घरी जाताना सारेजण एकच शब्द उच्चारतात : नशीब.

परंतु जरा थांबून पाहिले तर त्या दिवशी नशिबाकडे फारच थोडे काम असते. बरणीत कोणत्या गावांची नावे घालावयाची, पूर्वी आरक्षण होऊन गेलेल्या गावाची चिठ्ठी बाजूला ठेवावयाची की नाही, किती चिठ्ठ्या काढावयाच्या, हे सर्व नियमाने अगोदरच ठरलेले असते. मुलाचा हात बरणीत जाण्यापूर्वीच निम्मा निकाल लागलेला असतो. सोडतीविषयी बोलताना आपण त्या हाताकडे पाहतो. पाहावयास हवे ते बरणीकडे.

आम्ही कामगार चळवळीत वाढलेली माणसे. शाळेत शिकलो ते थोडेच. बाकीचे युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि लोकांचे अर्ज लिहिता लिहिता शिकलो. या अर्जांतला फार मोठा गठ्ठा मुंबईच्या गिरणी कामगारांच्या घरांचा आहे. भुदरगड, आजरा, चंदगड, राधानगरी या डोंगरी भागांत असे गाव सापडणे कठीण, की जेथून कोणी गिरणीत गेला नाही. गावच्या नावाची एक खोली असे, तीत वीस-वीस माणसे पाळीपाळीने झोपत, खाणावळीत जेवत आणि महिन्याच्या महिन्याला घरी मनिऑर्डर पाठवीत. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप रीतसर मिटला असा दिवस कधी उगवलाच नाही. गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या आणि माणसे वळकटी घेऊन गावी परतली.

गिरण्या गेल्या, पण जमीन राहिली. १९९१ च्या नियमाने या जमिनीचे तीन वाटे ठरविले : एक महापालिकेस मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडास घरांसाठी आणि एक मालकास. २००१ मध्ये हा नियम बदलला. सगळ्या जमिनीऐवजी केवळ मोकळी असलेली जमीनच वाटणीस धरावी असे ठरले, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. गिरणीच्या आवारात शेड आणि इमारतीच फार, मोकळी जागा थोडी. त्यामुळे घरांच्या वाट्याची जमीन आक्रसली. म्हणजे बरणी येण्याच्या पुष्कळ आधी बरणीचे माप ठरून गेले होते.

पुढे अर्ज मागविले. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेला कामगार, आणि तो हयात नसल्यास त्याचा वारस, अशी पात्रता ठरली. सुमारे पावणेदोन लाख अर्ज आले. पहिली सोडत २८ जून २०१२ रोजी निघाली, ६,९२५ घरांची. मग २०१६ च्या मे महिन्यात २,६३४, त्याच वर्षीच्या डिसेंबरात पनवेलजवळच्या कोन येथील २,४१७, आणि १ मार्च २०२० रोजी ३,८९४. या चार सोडतींची बेरीज १५,८७० होते. शंभर अर्जदारांमागे नऊ घरे. आठ वर्षांत इतकी घरे निघाली. त्याच चालीने उरलेल्या दीड लाखांहून अधिक अर्जदारांचा क्रम यावयाचा तर आणखी ऐंशी वर्षे लागतील. संपाच्या दिवशी जो पंचविशीत होता, तो २०२० साली त्रेसष्टीत होता. हे गणित पाटीवर मांडावयास पाचवीचे शिक्षण पुरते.

आता प्रश्न असा की ही सोडत बदलावी कशी? प्रत्येक सभेत कोणी ना कोणी उठून सांगतो, 'जे इतकी वर्षे हुकले त्यांना आधी द्या.' सूचना सरळ दिसते. ती कितपत चालते हे पाहण्यासाठी अशाच एका वाटपाचे उदाहरण दूरच्या देशातून घेऊ. कारण तेथे या बाबतीत पुष्कळ प्रयोग झाले आहेत. ते वाटप आहे शिकारीच्या परवान्यांचे. आपल्या देशात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनी शिकारीचे परवाने संपविले, आणि आपल्या शेजारचा दाजीपूरचा गवा निर्धास्त झाला. अमेरिकेत मात्र शिकार कायदेशीर आहे. कोणत्या रानात किती जनावरे मारली तरी कळप टिकेल हे सरकार ठरविते, तितक्याच परवाना-चिठ्ठ्या काढते, आणि मागणारे अधिक असल्यास अर्ज घेऊन सोडत करते.

ही सोडत प्रत्येक राज्यात निराळी. न्यू मेक्सिको राज्यात मागचा हिशेब नाही. दर वर्षी पाटी कोरी, दहा वेळा हुकलेला आणि आज प्रथम आलेला यांची चिठ्ठी सारखीच. कोलोरॅडोत अनेक वर्षे दुसरी रीत चालत आली : हुकला की एक गुण, आणि ज्याचे गुण अधिक त्याला परवाना आधी. ही खरे म्हणजे सोडत नव्हे, रांग आहे. आपल्याकडे उसाची तोड लावणीच्या तारखेप्रमाणे यावी असा जो नियम असतो, त्याच्याच जातीची ही रीत. नेवाडा राज्याने मधली वाट काढली. तेथे हुकलेल्या वर्षांच्या वर्गाइतक्या जादा चिठ्ठ्या मिळतात. पाच गुण असतील तर पंचवीस. नव्याला आशा राहते, जुन्याचे पारडे जड होते.

यांपैकी कोणती रीत न्याय्य? प्रत्येकीत कोणी तरी दुखावतोच. कोऱ्या पाटीत जुना माणूस म्हणतो, माझी वर्षे वाया गेली. रांगेत नवा म्हणतो, माझी पाळी मी म्हातारा झाल्यावर येईल. शिवाय रांगेला एक रोग जडतो. परवाने थोडे आणि दर वर्षी नवे अर्जदार येत राहिले म्हणजे चांगल्या रानासाठी लागणारे गुण वर चढतच जातात; माणूस एक पायरी चढतो तोवर जिनाही एका पायरीने उंच होतो. म्हणून तेथे नियम पुनःपुन्हा बदलावे लागतात, आणि प्रत्येक बदलाच्या वेळी ज्याने जुन्या नियमावर भरवसा ठेवून वर्षे घालविली तो विचारतो, माझ्या गुणांचे काय?

हे उदाहरण आपल्या घरांस लावून पाहू. पुष्कळांना वाटते की प्रत्येक सोडतीमागे एकेक जादा चिठ्ठी दिली की झाले. परंतु हिशेब करा. चारही सोडतींत जे हुकले त्या सर्वांना सारख्याच चार जादा चिठ्ठ्या मिळतील. सगळ्यांचीच चिठ्ठी पाचपट झाली म्हणजे कोणाचीच झाली नाही. मागाहून अर्ज केलेल्यांपुढे थोडी सरशी मिळेल, इतकेच. शिकाऱ्यांचे औषध आपल्या दुखण्यास लागू पडत नाही, आणि त्याचे कारण फार महत्त्वाचे आहे. तेथे दर वर्षी नवे शिकारी येतात. आपल्याकडे गिरण्याच बंद झाल्या. नवा गिरणी कामगार आता जन्मास यावयाचा नाही. तेथली वही उघडी आहे, आपली वही मिटलेली आहे.

मिटलेल्या वहीची सोडत कशी असते हे आपल्या आयाबहिणींना कोणी शिकवावयास नको. त्या भिशी चालवितात. वीसजणी दरमहा पाचशे रुपये टाकतात, दहा हजार जमतात, चिठ्ठी निघते. जिचे नाव निघाले तिची चिठ्ठी पुन्हा डब्यात पडत नाही. विसाव्या महिन्यास प्रत्येकीच्या पदरात रक्कम पडलेली असते. भिशीत चिठ्ठी एवढेच ठरविते की आधी कोण आणि मागाहून कोण. मिळणार की नाही हे ती ठरवीत नाही. समजा, दोन महिन्यांनंतर कोणी म्हणाले, 'आता डबा बंद, उरलेल्या अठराजणींनी नशिबाला दोष द्यावा,' तर त्या भिशीस आपण कोणते नाव देऊ?

आमचे सांगणे एवढेच आहे. सोडतीने क्रम ठरवावा. हक्क ठरवू नये. जेथे वस्तूच मुळात मोजकी असते आणि ती कोणाचीही देणे लागत नाही, तेथे नुसत्या नशिबावर वाटप केले तरी कोणाचे ऋण बुडत नाही. रानातले हरीण शिकाऱ्याचे देणे लागत नसते. गिरणीची जमीन मात्र ज्यांच्या घामावर उभी राहिली, त्यांचे देणे लागते. देणेकऱ्याने सावकारांची नावे बरणीत घालून शंभरातल्या नवांचे पैसे फेडले, तर उरलेल्या एक्याण्णव जणांचे कर्ज फिटले असे कोणतेही कोर्ट म्हणणार नाही.

मग तोवर काय करावे? क्रम लावावयाचाच आहे, तर तो माणुसकीने लावावा. सत्तरीपुढच्या कामगारांची आणि विधवांची बरणी निराळी ठेवून प्रत्येक सोडतीतील ठरावीक वाटा त्यांस द्यावा. गुणांनी जे साधत नाही ते वयाने साधते. दुसरे, बरणीत पडणाऱ्या नावांची यादी सोडतीपूर्वी तालुक्याच्या गावी लागावी. ज्याचे नाव गळले त्यास ते सोडतीनंतर मुंबईत कळून काय उपयोग? आमच्या ओळखीच्या एका आजी आहेत. यजमान साचेखात्यात होते. त्यांचा लाल पास, तिकीट नंबर आणि अर्जाची पावती त्यांनी पिशवीत घालून तांदळाच्या डब्यात जपली आहे. दर वेळी त्या विचारतात, 'नाव हाय न्हवं त्यात?' आणि आम्हांस छातीवर हात ठेवून 'हाय' म्हणता येत नाही. तिसरे, नाव निघाल्यावर कागद तपासण्यात आणि ताबा देण्यात वर्षे जाऊ नयेत. डिसेंबर २०१६ च्या सोडतीतील घरांच्या किल्ल्या हाती येण्यास कित्येक वर्षे लागली. किल्लीवाचून चिठ्ठी म्हणजे निव्वळ कागद.

यात नवे काही नाही. तामिळनाडूतील उत्तरमेरूर गावी चोळ राजा पहिला परांतक याच्या काळचे, दहाव्या शतकाच्या पूर्वार्धातले शिलालेख आहेत. ग्रामसभेच्या समित्यांवरील माणसे ताडपत्रावर नावे लिहून, ती घागरीत घालून, लहान मुलाच्या हाताने काढीत असत. मुलाच्या हाताची युक्ती तेव्हाचीच. परंतु त्या लेखांत घागरीत कोणाचे नाव पडावे आणि कोणाचे पडू नये याचे नियम विस्ताराने कोरले आहेत. पूर्वी समितीवर राहून ज्याने हिशेब दिला नाही त्याचे नाव घागरीत पडत नसे, त्याच्या आप्तांचेही नसे. हजार वर्षांपूर्वीच्या गावकऱ्यांना हे ठाऊक होते की घागरीचे तोंड सांभाळले म्हणजे आतल्या चिठ्ठीवर विश्वास ठेवता येतो.

२०२४ मध्ये मुंबईबाहेर शेलू आणि वांगणी येथे हजारो घरे बांधून देण्याची योजना शासनाने पुढे आणली. अनेक कामगार संघटनांनी मुंबईतच घर हवे म्हणून तिला विरोध केला. त्या वादात कोणाची बाजू घ्यावी हे ज्याने त्याने ठरवावे. मात्र ठरविताना आम्ही सांगितलेली कसोटी लावून पाहावी : घरे किती, नावे किती, आणि नाव निघालेल्याची चिठ्ठी बाजूला ठेवीत गेल्यास शेवटच्या नावापर्यंत ही भिशी पोचते काय? पोचत असेल तर कोणाचे नाव आधी निघाले याबद्दल आपल्या माणसांची तक्रार असणार नाही. त्यांना पाळी ठाऊक आहे, ती एका वळकटीवर तीन पाळ्यांत झोपलेली माणसे आहेत. पोचत नसेल तर मात्र बरणी कितीही हलविली, आणि मूल कितीही निरागस असले, तरी त्या हातून न्याय बाहेर पडावयाचा नाही. तो तेथे घातलेलाच नसतो.