फुकटचं प्रॉक्सी अ‍ॅप टाकण्याआधी हे वाचा

मच्छीमार बंधू-भगिनींनो, धक्क्यावर नेट हळू चालतं म्हणून बरेच जण मोबाईलवर फुकटचं प्रॉक्सी अ‍ॅप टाकतात. प्रॉक्सी म्हणजे मधला दलाल. आपली माहिती आधी त्याच्या सर्व्हरवर जाते, मग पुढे. वाट लांबली की वेग बहुतेक वेळा घटतोच. टॉवरची रेंजही त्याने वाढत नाही.

स्वतः तपासा: एकाच जागी उभं राहून, अ‍ॅप बंद ठेवून तीनदा आणि चालू करून तीनदा स्पीड टेस्ट घ्या. आकडे लिहून ताडून बघा.

खरा धोका पैशांचा आहे. पत्त्यात एचटीटीपीएस नसलेल्या साईटवर टाकलेला पासवर्ड दलालाला सरळ वाचता येतो. म्हणून बँक, यूपीआय, डिझेल सबसिडीचं काम करताना अ‍ॅप बंदच ठेवा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करा, बँकेलाही कळवा.