डोक्यामागची उशी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

भोसरीच्या एमआयडीसीतून चाकणला माल पोचवणे हा बरीच वर्षे माझा शिरस्ता होता. कारखाना लहान, त्यामुळे मालकही मीच आणि मालाबरोबर जाणाराही मीच. पिकअपमध्ये ड्रायव्हर मामांच्या शेजारी बसायचो. एकदा मोशीच्या पुढे वाहतूक तुंबली होती. आम्ही उभेच होतो, आणि मागून एका टेम्पोने ठोकले. मामा उतरले, मागे पाहून आले आणि म्हणाले, "साहेब, काही नाही झालं. फाळकं चेपलंय थोडं." दुसऱ्या दिवशी सकाळी मला मान वळवता येईना आणि मामांच्या बोटांना मुंग्या येत होत्या.

गाडीला काही झाले नाही, मग माणसांना का झाले?

मागून धक्का बसला की डोके मागे फेकले जाते, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात गाडी पुढे ढकलली जाते. तिच्याबरोबर सीट आणि सीटबरोबर आपली पाठ पुढे जाते. डोके मात्र होते तिथेच राहू पाहते. एसटी झटक्याने सुटली की उभा प्रवासी मागे झुकतो, तसेच हे. माणसाचे डोके साडेचार-पाच किलोंचे. धड पुढे आणि डोके मागे, या ओढाताणीत मान आधी नागमोडी वाकते, मग मागे ताणली जाते आणि लगेच पुढे झटकली जाते. हे सारे सेकंदाच्या एक-दोन दशांशांत उरकते. स्नायूंना सावरायला सवडच मिळत नाही.

आपल्या रस्त्यांवर पिकअपच्या मागे बहुधा त्याहून जड वाहन असते. साधे गणित करू. दोन टनांचा पिकअप उभा आहे आणि सोळा टनांचा ट्रक ताशी ३० किलोमीटर वेगाने मागून आदळला. दोन्ही गाड्या एकत्र पुढे सरकल्या असे धरले, तर क्षणार्धात पिकअपला ताशी सुमारे २७ किलोमीटरचा वेग मिळतो. बसलेल्या माणसाला तेवढा हिसका सोसावा लागतो.

त्यात पिकअपची एक खास अडचण आहे. मोटारीत पुढच्या सीटमागे मोकळी जागा असते. साध्या केबिनच्या पिकअपमध्ये डोक्यामागे थोड्याच अंतरावर केबिनची भिंत आणि काच असते. अडवायला मध्ये काही नसले, तर मान दुखावतेच, शिवाय डोकेही काचेवर आपटू शकते.

पिंपरी-चिंचवडकरांना पिकअप परका नाही. टेल्कोचा 'टाटामोबाइल' १९८८ साली आला. २००५ मध्ये 'एस' आला आणि लोकांनी त्याला 'छोटा हत्ती' केले. आज आपल्या पट्ट्यातले कितीतरी सुटे भाग अशाच गाड्यांतून फिरतात. मालाची बांधाबांध आपण चोख करतो. केबिनमधल्या माणसाचा विचार मात्र मागे पडतो. हे जगभर झाले आहे. अमेरिकेत मोटारींना पुढच्या सीटवर हेडरेस्ट १९६९ पासून सक्तीचे झाले. पिकअप आणि व्हॅनसाठी ती सक्ती १९९१ च्या सप्टेंबरात आली. मधे २२ वर्षे गेली.

'हेडरेस्ट' या नावानेही घोटाळा केला आहे. डोके टेकून डुलकी घ्यायची सोय, असे त्यातून वाटते. तिचे खरे काम डोक्याला मागे जाण्यापासून रोखण्याचे. अमेरिकी सरकारच्या रस्ता सुरक्षा विभागाने १९८२ मध्ये मोटारींच्या अपघातांचा हिशेब मांडला. मागून होणाऱ्या धडकेत जखमी होण्याचा धोका सीटला जोडलेल्या पक्क्या हेडरेस्टमुळे १७ टक्क्यांनी घटला होता, वरखाली होणाऱ्यांमुळे फक्त १० टक्क्यांनी. कारण असे, की वरखाली होणारी उशी बहुतेक लोक खालीच ठेवत होते.

आमच्या गाडीतही वेगळे नव्हते. माझी उशी पार खाली, मानेच्या बुडाशी होती. तिथे ती डोके अडवत नाही. उलट तिच्यावरून मान मागे वाकते. मामांची उशी तर सीटखाली प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली. नवे कव्हर बसत नव्हते म्हणून काढली होती.

ती कशी लावावी? उशीचा वरचा काठ डोक्याच्या माथ्याइतका उंच हवा. तेवढी वर येत नसेल, तर निदान कानाच्या वर तरी हवा. डोके आणि उशी यांत अंतर जितके कमी तितके बरे. २००४ मध्ये सुधारलेल्या अमेरिकी नियमाने पुढच्या सीटसाठी ते साडेपाच सेंटीमीटरवर आणले, म्हणजे सुमारे तीन बोटे. पाठीशी जाड गादी घेतली किंवा सीट फार मागे कलती केली, की हे अंतर वाढते. आणि पट्टा हवाच, कारण मागच्या हिसक्यानंतर माणूस पुढे फेकला जातो.

दोघांच्या मधे दाटीने बसवलेल्या तिसऱ्याच्या डोक्यामागे बहुधा काहीच नसते. हौद्यात बसून घरी जाणाऱ्या मजुरांना तर ना सीट, ना पट्टा, ना उशी. त्यांच्यासाठी कुठलीही उशी उपयोगाची नाही. त्यांना तिथे बसवू नये, हाच उपाय.

शेवटी एक सूचना. असा धक्का बसल्यावर दुखणे कित्येकदा काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होते. मामा सलूनमध्ये जाऊन मान मोडून आले होते. तसे मुळीच करू नका. हाताला मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा वाटला, तर मान न हलवता थेट डॉक्टरांकडे जा. क्ष-किरणात हाड शाबूत दिसले, तरी स्नायू आणि अस्थिबंध दुखावलेले असू शकतात.

मामा महिन्याभराने कामावर आले. किल्ली लावण्याआधी त्यांनी सीटखाली हात घातला, ती उशी काढली, कव्हरला कात्रीने दोन भोके पाडली आणि ती जागेवर बसवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, तुमची पण वर घ्या."