पुतळे पडतात, अक्षरे उरतात

मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला छत्रपती शिवाजी महाराजांचा पस्तीस फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, तेव्हा साऱ्या किनारपट्टीचे मन विषण्ण झाले. २०२५ साली त्याच जागी त्याहून उंच पुतळा उभा राहिला. महाराजांची थोरवी पुतळ्याबरोबर पडली नव्हती आणि उंचीबरोबर वाढलीही नाही. मग राज्यकर्त्याची स्मृती टिकते तरी कशाने, असा प्रश्न या निमित्ताने विचारणे अप्रस्तुत ठरू नये.

भव्य पुतळ्यांचा सोस रोमच्या सम्राटांइतका क्वचितच कोणी केला असेल. नीरोने स्वतःचा शंभर फुटांहून उंच ब्राँझचा पुतळा घडविला. पुढे व्हेस्पेशियनने त्याचा सूर्यदेव केला आणि कोमोडसने त्यावर आपलेच मस्तक बसविले. आज त्याचा मागमूस नाही. कॉन्स्टंटाईनच्या विराट मूर्तीचे मस्तक, हात, पाऊल एवढे तुकडे रोमच्या संग्रहालयाच्या चौकात मांडलेले आहेत. सत्ता गेली की तिचे पुतळे कोठे जातात, हे गोव्यानेही पाहिले आहे. आल्बुकेर्कचा पुतळा आज जुने गोव्याच्या वस्तुसंग्रहालयात आहे.

आपल्याकडेही राजपुरुषांच्या प्रतिमा दोन हजार वर्षांपूर्वी कोरल्या गेल्या. कोकणातील बंदरांचा माल जुन्नरला नेणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहन राजकुलाच्या मूर्ती होत्या. त्या नष्ट झाल्या. उरली ती वरची नावे. सिमुक, श्रीसातकर्णी, राणी नागनिका, कुमार हकुश्री ही नावे आजही वाचता येतात. बाजूच्या भिंतींवरील लेखात अश्वमेधादी यज्ञांची आणि गाई, हत्ती, कार्षापणे यांच्या दानांची आकड्यांनिशी नोंद आहे. दूर तेलंगणात, बेल्लमपल्लीच्या कोळसापट्ट्याच्या दक्षिणेस, गोदावरीकाठच्या कोटिलिंगाला येथे 'छिमुक' नावाची नाणी सापडली. ती सिमुकाचीच असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. मूर्ती गेली, पण नाव बोलत राहिले!

पावसाळ्यात नाणेघाटात पर्यटकांची झुंबड उडते. त्यांतील किती जण त्या भिंतीपुढे क्षणभर थांबतात? वाऱ्यापावसाने अक्षरे झिजत चालली आहेत. पुतळ्यासाठी कोट्यवधींची तरतूद करताना न कचरणाऱ्या सरकारांनी या अक्षरांच्या जतनाकडे त्याच तत्परतेने पाहावे, एवढीच आमची मागणी आहे.

पुतळे उभारू नयेत, असे आम्ही म्हणत नाही. परंतु राजकोटावर उभे राहून समोर पाहावे. महाराजांनी कुरटे बेटावर बांधलेला सिंधुदुर्ग साडेतीनशेहून अधिक वर्षे लाटा झेलतो आहे. त्याची डागडुजी हेही महाराजांचे स्मारकच नव्हे काय?