‘लैंगिकता’ हा शब्द प्रश्नावलीतून काढा

ग्रामीण बायकांच्या लैंगिकतेविषयीच्या समजुतींवर काम करायचं ठरलं, की आपण आधी प्रश्नावली करायला बसतो. त्यात ‘लैंगिक समाधान’, ‘लैंगिक आरोग्य’ असे शब्द हमखास येतात. ते घेऊन गावात गेलात तर बाई गप्प बसेल, नाहीतर पदर तोंडाला लावून हसेल. त्याची नोंद ‘माहिती नाही’ अशी करू नका.

तिच्याकडे शब्द असतात, पण आडवळणाचे. पाळी म्हणजे ‘अडचण’, ‘कावळा शिवला’. नवरा म्हणजे ‘मालक’. (सवयीनेही म्हणतात, त्यामुळे एकट्या शब्दावरून निष्कर्ष नको.)

समजुतीचा परिणाम थेट शरीरावर होतो. राणी आणि अभय बंग यांचा गडचिरोलीतला अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांपैकी ५५ टक्के जणींनी तक्रार सांगितली. तपासणीत ९२ टक्के जणींना स्त्रीरोग आढळले. आधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. मधला सगळा फरक संस्कृतीच्या खात्यावर टाकता येणार नाही, कारण काही आजारांना लक्षणंच नसतात. पण ‘अंगावरून पांढरं जाणं बाईच्या जातीला चालायचंच’ असं एकदा मानलं, की ती तक्रार उरतच नाही.

सगळ्यात अवघड भाग नकाराचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विचारतात, की बायको थकलेली असेल किंवा तिचं मन नसेल तर तिने संबंधाला नकार देणं योग्य आहे का? योग्य काय, हे त्यातून कळतं. घरात प्रत्यक्ष काय चालतं, ते नाही. ‘मन नाही’ हे कारण जिथे चालत नाही, तिथे उपास चालतो, विटाळ चालतो. ज्या विटाळाला आपण निव्वळ जाच म्हणून लिहितो, तो एखादीला चार रात्रींची सुटकाही वाटत असेल. म्हणून तो चांगला ठरत नाही. गडचिरोलीतलं कुर्माघर पाहिलं तर असं कुणी म्हणणारही नाही. पण दोन्ही गोष्टी नोंदवायला हव्यात.

त्यामुळे ‘संमती’विषयी विचारू नका. ‘नको असलं तर काय सांगता?’ एवढंच विचारा, आणि तेही सासू माजघरात नसताना. शेतात, निंदणीच्या वेळी, बायका आपसात जास्त मोकळ्या बोलतात. तिथे वही मात्र पिशवीतच राहू द्या.