दोन रात्री, एक बेट आणि बायकांना सुट्टी

जयंतीची मिरवणूक पार पडली, पोरांचे पेपर संपले, की आमच्या वस्तीत घरोघरी एकच प्रश्न निघतो. सुट्टीत मुलांना कुठे न्यायचे? उत्तर ठरलेले असते, मामाच्या गावाला. मामाचेही घर दोन खणांचे आणि गावात टँकर आठवड्यातून दोनदा. चार दिवसांत पोरे परत येतात.

वाचक बंधू-भगिनींनो, आपण प्रवास करत नाही असे मुळीच नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूर, ६ डिसेंबरला दादर, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, शिवाय सोयऱ्याधायऱ्यांची लग्ने आणि मयती. आमच्या थोरलीने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो चैत्यभूमीच्या रांगेत उभी असताना. हात धरून विचारत होती, "पप्पा, पाण्यात जाऊ का?" आम्ही म्हणालो, "आज नाही, बाळा." ते 'आज नाही' पुढे सहा वर्षे चालले. नुसते बसण्यासाठी, खेळण्यासाठी, काहीही न करण्यासाठी आपण मुलांना घेऊन कधी घराबाहेर पडलो आहोत काय? आम्ही स्वतःला हे विचारले तेव्हा खाली मान घालावी लागली.

म्हणून वस्तीतल्या तीन घरांनी मिळून एक भिशी काढली. महिना साडेसातशे रुपये, बारा महिने. त्यातला एकजण डाळिंबाच्या पॅकिंगवर हजेरीने जाणारा, दुसरा गवंडी, तिसरे आम्ही कारकून. ठरले मालवण, २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत. समुद्रही मिळतो आणि समुद्रातले बेटही, ते म्हणजे कुरटे बेट. त्यावरच शिवरायांनी १६६४ ते १६६७ या काळात सिंधुदुर्ग बांधला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत हाही आहे.

दिवाळीच का? मे महिन्यात सुट्टी मोठी असते खरी, पण उकाडा आणि गर्दी दोन्ही फार, आणि मेअखेरपासून पावसाळाभर किल्ल्याच्या होड्या बंद राहतात. दिवाळीत समुद्र शांत झालेला असतो. सरकारी कचेऱ्यांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, त्यामुळे आमच्यासारख्याला शनिवार-रविवारला दोन रजा जोडल्या की भागते. हजेरीवाल्याचे तसे नाही. त्याचे चार खाडे पडतात. ते चार खाडे खर्चात धरूनच बजेट करा, नाहीतर माणूस समुद्राकडे पाहत बुडालेली मजुरी मोजत बसतो.

पहिला बेत आमच्या गवंडीदादांनी आणला होता. जीप करायची आणि तीन दिवसांत गणपतीपुळे, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, येताना कोल्हापूर, पन्हाळा. कागदावर फार छान दिसत होता. पण आम्ही अशा सहली पाहिल्या आहेत. निम्मी पोरे घाटात ओकतात, उरलेली झोपतात, आणि प्रत्येक ठिकाणी 'चला, चला, उशीर झाला' एवढेच कानावर पडते. आम्ही पाच नावांवर काट मारली. एकच गाव, दोन रात्री. एक सकाळ किल्ल्यासाठी, बाकी वेळ वाळू. दादा दोन दिवस रुसले होते.

जाण्यासाठी एसटी. सांगोल्याहून मिरज, कोल्हापूर, मग घाट उतरून कणकवली आणि मालवण. कोल्हापूरहून कोकणात उतरणारी रेल्वे अजून नाही, तेव्हा मिरजेपर्यंत आगगाडीने गेलात तरी पुढे एसटी आलीच. मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना पहिल्यापासूनच निम्मे. 'आवडेल तेथे प्रवास' हा चार आणि सात दिवसांचा पासही एसटी देते. पण घरात बायका-मुली जास्त असतील तर पास स्वस्त पडेलच असे नाही, दोन्ही हिशोब मांडून पाहा. पहाटे निघालात तर संध्याकाळ होते. घाटाआधी मुलांना पोटभर खाऊ घालू नका. लिंबू आणि जुने वर्तमानपत्र हाताशी असू द्या.

आता राहण्याचे. इथे थोडे थांबतो, कारण आपल्या माणसांचे पाय अडतात ते पैशापायीच असे नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी घाटावरच्या एका गावी आम्ही आई-वडिलांसह उतरायला जागा मागितली होती. मालकाने गाव विचारले, मग आडनाव विचारले, आणि चावी पुन्हा खिळ्याला अडकवली. खोल्या भरल्या म्हणाला. वडील काही बोलले नाहीत. त्यानंतर त्यांनी नातेवाइकाचे घर असेल तिथेच मुक्काम केला, मरेपर्यंत.

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत १९०१ सालचा एक प्रवास लिहून ठेवला आहे. तोही मुलांच्या सुट्टीचाच प्रवास होता. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामाच्या तलावावर रोखपाल होते, आणि साताऱ्याहून भीम, त्याचा भाऊ व भाचा नवे कपडे, नव्या टोप्या घालून आगगाडीने त्यांच्याकडे निघाले होते. मसूर स्टेशनवर जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एकजण तयार झाला, तोही गाडी मुलांनी हाकायची आणि आपण पायी चालायचे या अटीवर. रात्री जवळ खाण्याचा डबा होता, पण पाणी कोणी दिले नाही. मुले उपाशी झोपली. हा प्रसंग आम्ही निघण्याच्या आदल्या रात्री मुलांना सांगितला. सौ. म्हणाल्या, "सहलीच्या आधी हे कशाला?" थोरली म्हणाली, "सांगू दे गं आई."

मालवणात आम्ही लॉज घेतला नाही. तारकर्ली, देवबाग, वायरी या बाजूला घरगुती राहण्याची सोय पुष्कळ आहे, 'न्याहारी व निवास' योजनाही आहे. आधी फोन करून ठेवा. आम्ही फोनवरच पूर्ण नाव-आडनाव सांगितले, गाव सांगितले, तेरा माणसे म्हणून सांगितले. पलीकडच्या वहिनींनी एवढेच विचारले, "मुलांसाठी तिखट कमी करायचं का?" सगळीकडे असेच होईल असे आम्ही म्हणत नाही. पण आडनाव फोनवरच सांगून टाकावे. नकार यायचा तर घरी बसल्या येऊ दे, मुलांदेखत दारात नको.

जेवण तिथेच सांगा. सहलीला निघताना आपल्याकडे स्टोव्ह, पातेले, पीठ, मसाला सगळे बांधून घेतात, आणि समुद्रकाठीही चूल बाईचीच राहते. आमच्या सौ.नी निघण्याआधी अट घातली होती, दोन दिवस मला कोणी चहा मागायचा नाही. स्टोव्ह घरी राहिला. हजार-दीड हजार रुपये जास्त गेले असतील. तिन्ही घरच्या बायका संध्याकाळी वाळूत पाय पसरून बसल्या होत्या, त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या ताई म्हणाल्या, लग्न झाल्यापासून दिवेलागणीला मोकळी बसलेली मी आजच.

किल्ल्यावर सकाळी पहिल्या होडीने जावे. मालवणच्या धक्क्यावरून होडी थोड्याच वेळात बेटावर नेते. नावाडी बहुधा तासाभराचा वेळ देतात, मुले बरोबर असतील तर तेवढा पुरत नाही, आधीच बोलून घ्या. महादरवाजा तटाच्या वळणात असा लपवला आहे की समोर जाईपर्यंत दिसत नाही. पोरांना हा खेळच वाटला. तटात शिवरायांच्या हाताचा व पायाचा ठसा दाखवतात. पण आमची मुले सर्वात जास्त रमली ती विहिरींपाशी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव, अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी, चारी बाजूंनी खारा समुद्र असताना! धाकट्याने आदल्या दिवशी समुद्राचे पाणी चाखून थुंकले होते. "एवढं पाणी आणि काही कामाचं नाही," म्हणाला. २०१९ मध्ये तालुक्यात चारा छावण्या पडल्या तेव्हा तो अंगणवाडीत होता, टँकरमागे घागर घेऊन पळणे त्याला ठाऊक आहे. विहिरीवरून तो हलेना. पाऊस वाळूत-मातीत मुरतो, गोडे पाणी हलके म्हणून खाऱ्यावर तरंगते, असे थोरलीने भूगोलाच्या पुस्तकातले त्याला समजावले.

एक गोष्ट कडक. समुद्र आपल्या विहिरीसारखा नाही. एप्रिल २०१७ मध्ये याच वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेले आठ जण बुडाले, तेही कॉलेजातली माणसे. गुडघ्याच्या वर पाणी नाही, ओहोटीला पाण्यात जायचे नाही, गावातला माणूस नको म्हणाला की नको. होडीत लाइफ जॅकेट अंगात घालूनच बसायचे, मुलांच्या मापाचे मागून घ्यायचे. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत घारापुरीकडे जाणाऱ्या बोटीला नौदलाची बोट धडकली आणि डझनाहून अधिक जीव गेले. म्हणून जॅकेटसाठी नावाड्याशी भांडावे लागले तरी भांडा.

मालवण ज्यांना लांब पडते आणि मुंबईत ज्यांचे कोणी आहे, त्यांना घारापुरीही चांगली. गेटवेहून तासाभराची बोट. बहुतेक लोक शिवाची लेणी पाहून परततात, पण पूर्वेच्या टेकडीवर विटांच्या स्तूपाचे अवशेष आणि बौद्ध लेणी आहेत, हे आपल्या मुलांना दाखवा. सोमवारी लेणी बंद असतात. बेटावर मुक्काम करता येत नाही. ६ डिसेंबरच्या गर्दीत मात्र हा बेत करू नका.

आमचा चौघांचा खर्च ९,००० रुपयांच्या आत बसला, वही आमच्याकडे आहे, कोणीही पाहावी. यंदाच्या भिशीत सात घरे आली आहेत. आमच्या मातोश्रीही येणार म्हणतात, वय ७८, त्यांना एसटीचे तिकीटच लागत नाही. प्रश्न फक्त होडीत चढण्याचा. नावाड्याला फोन करून विचारले, तर तो म्हणाला, "खुर्चीसकट उचलून ठेवू, तुम्ही फक्त खुर्ची मजबूत आणा."