शेवटचा दिवस कोरडा
पाण्याखालचा श्वास : लेखांक ७

या आठवड्यात जॅकेटमधली हवा आणि कमरेचं शिसं यांचा हिशेब मांडायचा, असं ठरलं होतं. तो पुढच्या रविवारी. मध्येच प्रतापनगरच्या एका वाचक भगिनींचा प्रश्न आला आहे आणि त्यांचं बुकिंग झालेलं असल्यामुळे उत्तराला उशीर करून चालणार नाही.

दिवाळीनंतर त्या कुटुंबासह अंदमानला निघाल्या आहेत. पाच रात्री, सहा दिवस. कार्यक्रमपत्रिकेत स्कूबा सहाव्या दिवशी आहे : सकाळी पोर्ट ब्लेअरजवळच्या नॉर्थ बेला बोटीने जायचं, डाइव्ह करायची, परत येऊन जेवायचं आणि दुपारच्या विमानाने चेन्नईमार्गे रात्री नागपूर. त्या विचारतात, "पाण्यातून बाहेर आल्यावर विमानात बसायला तीन-चार तास मिळतात. तेवढे पुरतील ना?"

पुरणार नाहीत. आणि ही चूक त्यांच्या एकट्याच्या कार्यक्रमात नाही. नागपूरहून निघणाऱ्या कितीतरी मंडळींच्या कागदावर मी ती पाहिली आहे. आपल्याला समुद्र लांब पडतो, बेटावर जायचं तर बहुतेकांना विमानच सोयीचं पडतं. सगळ्यात मोठी मजा शेवटी ठेवायची, ही आपली हौस. ती इथे नेमकी उलटी पडते.

दर दहा मीटरला एक वातावरण, हे नियमित वाचकांना आता पाठ झालं असेल. दहा मीटरवर दोन, अठरा मीटरवर २.८. टाकीतून आपण त्याच दाबाची हवा ओढतो आणि त्या हवेतला जवळजवळ चार पंचमांश भाग नायट्रोजन असतो. प्राणवायू शरीर वापरतं. नायट्रोजनचं ते काही करत नाही, तो रक्तात विरघळतो आणि रक्ताबरोबर स्नायूंत, सांध्यांत, चरबीत जाऊन बसतो. वर आलं की तोच नायट्रोजन उलट्या वाटेने फुप्फुसांकडे निघतो. आपण डाइव्हचा पोशाख उतरवलेला असतो, शहाळं हातात असतं, फोटो पाठवून झालेले असतात आणि हे काम आत चालूच असतं. म्हणून डाइव्ह संपली ती पाण्याबाहेर डोकं निघालं तेव्हा, असं मानू नका. शरीराच्या हिशेबात ती अजून कित्येक तास चालते.

किती तास? इथे मला थोडं मागे जायचं आहे, कारण या प्रश्नाचं पहिलं नीट उत्तर बोकड-शेळ्यांनी दिलं.

१८७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे पाये खोदताना मजूर दाबाची हवा भरलेल्या पेट्यांत, नदीच्या तळाशी काम करत. वर आले की सांधे धरत, काहींचे पाय लुळे पडत. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः १८७२मध्ये या दुखण्याने असा कोसळला की पुढचं काम पत्नी एमिलीच्या मदतीने घरूनच चालवावं लागलं. फ्रान्सच्या पॉल बेर याने १८७८मध्ये दाखवून दिलं की हे नायट्रोजनच्या बुडबुड्यांचं काम आहे. हळूहळू वर या, एवढं सगळ्यांना कळलं. पण हळूहळू म्हणजे किती, हे कुणी सांगत नव्हतं. ब्रिटिश नौदलाला आकडा हवा होता. तो काढला जॉन स्कॉट हॉल्डेन याने.

त्याने लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये शेळ्यांना पोलादी दाबकक्षात ठेवलं. दाब वाढवायचा, थांबायचं, दाब उतरवायचा, बघायचं. शेळी बोलत नाही, पण सांधा दुखला की पुढचा पाय वर उचलून धरते, आणि ते लांबूनही दिसतं. त्यावरून त्याला दिसलं की दोन वातावरणांतून एका वातावरणात झटकन आलं तरी सहसा काही होत नाही. बिघडतं ते उतार दुपटीपेक्षा मोठा झाला की. शिवाय सगळं शरीर एका वेगाने भरत नाही आणि एका वेगाने रिकामंही होत नाही. त्याने शरीराचे पाच कप्पे कल्पिले. सगळ्यात चपळ कप्पा ५ मिनिटांत अर्धा रिकामा होणारा, सगळ्यात संथ ७५ मिनिटांत.

नागपूरच्या माणसाला हे समजायला मे महिना पुरे आहे. टिनाचं शेड सकाळी नऊलाच तापतं, पण सूर्य कलला की तासाभरात त्यावर हात ठेवता येतो. घराचा स्लॅब दुपारपर्यंत काही बोलत नाही आणि मग रात्री बारालाही उष्णता सोडत बसतो, कूलर त्याच्यापुढे हरतो. रक्त टिनासारखं, चरबी आणि सांधे स्लॅबसारखे. पाण्यातून आल्यावर तासाभरात माणसाला अगदी ताजंतवानं वाटतं, ते टिन निवल्यामुळे. स्लॅब अजून गरम असतो.

हॉल्डेन, बॉयकॉट आणि डॅमंट यांचा निबंध १९०८मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या पाणबुड्यांची कोष्टकं त्यावर उभी राहिली. त्याआधी, १९०६च्या उन्हाळ्यात, स्कॉटलंडच्या समुद्रात डॅमंट आणि कॅटो हे दोघे याच हिशेबाने २१० फुटांपर्यंत जाऊन सुखरूप परतले होते. त्याच मोहिमेत हॉल्डेनने आपल्या तेरा वर्षांच्या मुलालाही पोशाख चढवून खाली सोडलं. पोशाख मापाचा नव्हता, मनगटांपाशी सैल, आत पाणी शिरत राहिलं. मुलगा डगमगला नाही.

हा मुलगा म्हणजे जे. बी. एस. हॉल्डेन, आणि त्याची आपल्याकडे जितकी आठवण काढली जायला हवी तितकी काढली जात नाही. आनुवंशिकीतलं त्याचं काम जगाला ठाऊक आहे. पण १९३९मध्ये थेटिस ही ब्रिटिश पाणबुडी लिव्हरपूलच्या उपसागरात बुडून ९९ माणसं गेली, तेव्हा पाणबुडीतून जिवंत बाहेर कसं पडता येईल हे शोधायला तो आणि त्याचे सहकारी स्वतः दाबकक्षात बसले. दाबाखालच्या प्राणवायूने त्याला असे झटके आले की पाठीचे मणके चेपले. ती पाठदुखी त्याने जन्मभर वागवली. १९५७मध्ये तो भारतात आला, कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये काम केलं, भारतीय नागरिक झाला आणि १९६४मध्ये भुवनेश्वरला वारला. देहदान केलेलं होतं, काकीनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला. अंदमान ज्या बंगालच्या उपसागरात आहे, त्याच्याच किनारपट्टीच्या बाजूची भुवनेश्वर आणि काकीनाडा ही दोन्ही ठिकाणं. डाइव्हआधी मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर चालू करताना या बापलेकांची नावं मनात आली तर मला आनंद होईल.

आता विमान. ते दहा-अकरा किलोमीटरवर उडत असलं तरी आतला दाब कृत्रिमरीत्या राखलेला असतो, पण तो नागपूरच्या किंवा चेन्नईच्या जमिनीइतका नसतो. नियमाप्रमाणे तो ८,००० फुटांवरच्या दाबापर्यंत उतरू शकतो, म्हणजे ०.७५ वातावरण. थोडक्यात, दुपारी विमानात बसलं की तासाभरात आपण महाबळेश्वरच्याही कितीतरी वर, २,४०० मीटरच्या एखाद्या शिखरावर जाऊन पोचतो. हॉल्डेनच्या मापाने बघा. सकाळच्या डाइव्हनंतर एखाद्या संथ कप्प्यात अजून दीड वातावरणाइतका वायू शिल्लक आहे. जमिनीवर उतार दीडपट, चिंता नाही. तोच माणूस ०.७५वर गेला की उतार नेमका दुपटीवर. किनाऱ्यावर मुकाट बसलेला नायट्रोजन तिथे बुडबुडे धरू शकतो.

हॉल्डेनचा ७५ मिनिटांचा कप्पाही पुरेसा संथ नव्हता, हे पुढे कळलं. झुरिकच्या आल्बर्ट ब्यूलमान याने सोळा कप्प्यांचा हिशेब मांडला. त्यातला सगळ्यात आळशी कप्पा अर्धा रिकामा व्हायला ६३५ मिनिटं घेतो, म्हणजे साडेदहा तासांहून जास्त. ब्यूलमानला उंचीचं कोडं सोडवावंसं वाटलं यात नवल नाही, स्वित्झर्लंडची तळीच डोंगरात. आज बहुतेक डाइव्ह कॉम्प्युटर त्याच्याच गणितावर किंवा त्याच्या भावंडांवर चालतात आणि पाण्यातून आल्यावर विमानाचं चित्र दाखवून तास उलटे मोजत बसतात. ते चित्र पडद्यावर असेपर्यंत विमानतळाकडे बघायचं नाही.

माणसांवर या बाबतीतले प्रयोग अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठात १९९०च्या दशकात झाले. स्वयंसेवकांनी डाइव्ह करायची, ठरावीक तास थांबायचं, मग त्यांना ८,००० फुटांच्या दाबात बसवायचं. त्यातून २००२मध्ये डायव्हर्स अलर्ट नेटवर्कने जे ठरवलं, तेच आजही धरलं जातं. साधी एकच डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास. एका दिवसात अनेक किंवा सलग काही दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास. वर येताना सक्तीचे थांबे घ्यावे लागतील इतकी खोल किंवा लांब डाइव्ह असेल तर १८पेक्षा बरेच जास्त. मी माझ्या विद्यार्थ्यांना २४ तास सांगतो आणि त्यात घासाघीस करू देत नाही. हे तास धोका कमी करतात, शून्यावर आणत नाहीत. आणि सुटीत आपण कमी झोपतो, पाणी कमी पितो, हेही धरायला हवं.

तेव्हा प्रतापनगरच्या ताईंनी कार्यक्रम फिरवून घ्यावा. पहिल्या दिवशी पोर्ट ब्लेअर, दुसऱ्या दिवशी बोटीने हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप. तिसऱ्या दिवशी डाइव्ह. हवा बिघडली किंवा नाक चोंदलं तर हाताशी चौथा दिवस राहतो. पाचव्या दिवशी परत पोर्ट ब्लेअर. सेल्युलर जेलला शेवटचा दिवस द्यावा. एरवी विमानाच्या घाईत तासाभरात उरकली जाणारी ती जागा अर्धा दिवस मागते, विशेषतः मराठी माणसाकडून. नॉर्थ बेला जायचंच असेल तर स्नॉर्केलिंग करावं. त्यात श्वास रोखलेला किंवा पृष्ठभागावरच्या नळीतून घेतलेला असतो, दाबाची हवा नसते, विमानाला आड येत नाही. सी-वॉकचं मात्र तसं नाही. डोक्यावर शिरस्त्राण घालून पाच-सहा मीटरवर वाळूत चालायचं, पोहता न येणाऱ्यांनाही जमतं, म्हणून ते स्कूबाच नव्हे असं समजून शेवटच्या सकाळी ठेवतात. वरून पंपाने येणारी ती हवा दाबाचीच असते. तिलाही बारा तास.

याच ओघात तारकर्लीवाल्यांसाठी. एमटीडीसीच्या केंद्रात शिकायला किंवा मालवणच्या किल्ल्यापाशी पहिली बुडी मारायला आपल्याकडून बरीच मंडळी आता जातात आणि अनेकजण स्वतःची गाडी काढतात. विमान नाही, मग प्रश्न नाही, असं त्यांना वाटतं. पण वर सांगितलेले १२ आणि १८ तास २,००० फुटांपासून लागू होतात, आणि आंबोली आहे ६९० मीटरवर, म्हणजे २,२००हून अधिक फुटांवर. सकाळी बुडी, दुपारी सावंतवाडीत जेवण, चारला आंबोलीचा धबधबा, असा बेत नागपूरच्या परतीच्या वाटेवर सहज होतो. किल्ल्याजवळची ती बुडी उथळ असते, थोडक्या मिनिटांची असते, म्हणून बहुतेकांना काही होत नाही. कोर्स करणाऱ्याने, तीन-चार दिवस रोज अठरा मीटरपर्यंत जाणाऱ्याने मात्र घाट दुसऱ्या दिवशीच चढावा. त्या मानाने नागपूर-मडगाव गाडी मला फार सोयीची वाटते. कुडाळला बसलं की पनवेलपर्यंत सगळा प्रवास किनाऱ्याच्या पट्टीतला, आणि कसाऱ्याचा घाट येईतो रात्र सरलेली असते. तिथेही इगतपुरी ६०० मीटरच्या आसपास.

आणि आपलं नागपूर? ३१० मीटर. परतणाऱ्याला त्याची धास्ती नको. मात्र डायव्हिंगची पुस्तकं ३०० मीटरच्या वरच्या कुठल्याही पाण्याला उंचीवरची डाइव्ह म्हणतात आणि तिथे वेगळं कोष्टक लावायला सांगतात. म्हणजे अंबाझरीत कुणी टाकी पाठीला लावून उतरलं तर तो, पुस्तकाप्रमाणे, डोंगरातला पाणबुड्या ठरतो. मला हे कळलं तेव्हापासून तलावाच्या काठाने फिरताना वेगळीच मजा वाटते.

एक गंभीर गोष्ट राहते. डाइव्हनंतर त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी खांदा-कोपर ठणकू लागलं, त्वचेवर जांभळट जाळी उमटली, मुंग्या आल्या, चक्कर आली, अवाजवी थकवा वाटला, तर बाम चोळून विमानात बसू नका. आडवं व्हायचं, शुद्ध प्राणवायू मागायचा (चांगल्या डाइव्ह सेंटरकडे तो बोटीवरच असतो) आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं की आम्ही टाकी लावून पाण्याखाली गेलो होतो. ते वाक्य न सांगितल्याने सांधेदुखीच्या गोळ्या घेऊन लोक घरी येतात. खरा इलाज पुन्हा दाबकक्षात बसवून हळू उतरवणं हाच आहे. पोर्ट ब्लेअरला तशी सोय नौदलाच्या धन्वंतरी रुग्णालयात आहे, मुंबईत अश्विनी रुग्णालयात. विदर्भातून निघालेल्या माणसाने लक्षणं बेटावर असतानाच ओळखली तर इलाज दोन तासांवर असतो.

पुढच्या रविवारी शिसं आणि जॅकेट, नक्की. ज्यांच्याकडे वजनकाटा आहे त्यांनी पोहण्याच्या कपड्यांतलं स्वतःचं वजन लिहून ठेवावं, हिशेब त्यावरूनच करू.